भिंतीवरच्या भुवया

कुसे, तुझ्या दहाव्याला एक पुढारी आला आणि "कैलासवासी कुसुमताई अत्यंत शांत आणि मायाळू स्वभावाच्या होत्या" असं माईकवर बोलून गेला. मी घाटाच्या पायरीवर बायकांत बसले होते. हसू आवरेना म्हणून पदर तोंडात कोंबला, तर शेजारच्या बाईला वाटलं मला हुंदका आलाय, आणि ती माझी पाठ थोपटत बसली. शांत म्हणे! तू बोलायला लागलीस की शेजारच्या गिरणीचा पट्टा ऐकू यायचा नाही. त्या माणसानं तुला जन्मात पाहिलेलं नव्हतं. सकाळी आणखी कुणाच्या तरी दहाव्याला तो हेच बोलून आला असणार, नुसतं नाव बदलून. तिथंही तालुक्याची कधी न भरून येणारी हानी झाली असणार. रोज एवढी हानी होते, पण तालुका आहे तिथं आहे, मार्केट यार्डात कांदा उतरतोच आहे.

कावळा लगेच शिवला. तुझ्या थोरल्या जावेनं, अक्कानं, हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तिचं काय बी अडलं नव्हतं. सुखानं गेली." झालं, सुटले सगळे. बुंदी-भाताच्या पंगतीला जाऊन बसले. कावळ्याला भूक लागलेली असते, एवढंच. त्याला काय कळतंय तुझं काय अडलं होतं.

मेल्यावर माणूस चांगलं होतं म्हणतात. माझ्यापुरती तू होणार नाहीस. कावीळ अंगावर काढलीस, डॉक्टर सोडून झाडपाल्यावाल्याकडं गेलीस, डोळे हळदीसारखे झाले तरी "उन्हानं झालंय" म्हणत राहिलीस. असल्या बाईला मी मायाळू म्हणू? मूर्ख म्हणते. बाहेर घडाघडा बोलणारी आणि घरच्यांपुढं मांजर होणारी मूर्ख.

एसटी स्टँडमागच्या गल्लीत आपलं पार्लर. एक खोली, दोन खुर्च्या, आरसा आणि परसदारी तुझा स्टोव्ह. मी पुण्याहून कोर्स करून आलेली, यवतची पोर, शिरूरला दिलेली. तू केडगावकडची. तुझा आजा मेंढरं वळायचा, बापानं शेती धरली आणि तुला शिरूरला अक्काच्या धाकट्या दिराला दिली. मनी रांगत असताना तुझा नवरा गेला. अक्कानंच तुला माझ्याकडं आणून सोडलं, "झाडलोट करील, केस गोळा करील" म्हणून. झाडलोट कसली! तू माझ्या हाताकडं बघून बघून भुवया कोरायचा दोरा चालवायला शिकलीस. आधी आपल्याच पोटरीवर, मग माझ्या दंडावर. वर्ष उलटायच्या आत तुझा हात माझ्याइतका चालायला लागला. दाताखाली दोऱ्याचं टोक धरायचं, पावडर लावायची, दोन बोटांत पीळ फिरवायचा आणि बाईला गप्पांत गुंतवायचं. गप्पांत मात्र तू माझ्या पुढची. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं ते दुखण्यानं की तुझ्या गोष्टीनं, हे तिलाही कळायचं नाही.

पण आकाराच्या बाबतीत तू अडाणी होतीस ती होतीसच. माझ्या भिंतीवर तो तक्ता होता, चेहऱ्यांचा. गोल तोंडाला भुवई थोडी उंच उचलायची म्हणजे तोंड लांब दिसतं. लांबट तोंडाला आडवी, सरळ ठेवायची म्हणजे ते आटोपशीर दिसतं. चौकोनी जबड्याला गोलसर वळण द्यायचं, टोक काढायचं नाही. हनुवटी निमुळती असेल तर हलकी, बुटकी कमान. यात काय अवघड होतं गं? पण तुझं एकच. कमान! गोल असो, लांब असो, भोपळा असो नाहीतर पडवळ असो, सगळ्यांना कमान. त्याच सुमारास घरोघरी केबल आली आणि मालिकांतल्या खाष्ट सासवांच्या भुवया दोऱ्यासारख्या बारीक आणि कपाळाच्या मध्यापर्यंत चढलेल्या. बायका तेच मागायला यायच्या आणि तू खुशाल द्यायचीस. शिरूरच्या बाजारात निम्म्या बायका आपण कुणावर तरी डोळे वटारलेत अशा हिंडत होत्या. मेथीची जुडी घेतानासुद्धा.

मी म्हणायचे, "कुसे, तोंड बघून कर."

तू म्हणायचीस, "तोंड काय बघायचं? तोंड तर देवानं दिलंय, ते तसंच ऱ्हानार. भिवई आपल्या हातात हाय, तेवढी तरी झोकात पायजे."

यवतच्या अलकाचं लग्न आठवतं का? माझ्या माहेरच्या गल्लीतली पोरगी म्हणून आपण न्हावऱ्यामार्गे चौफुल्याला उतरून, दुसरी गाडी पकडून यवतला गेलो. अलकाचं तोंड पुरणपोळीसारखं गोल. तू कमान दिलीस, आणि या एका वेळी तक्ताही तुझ्या बाजूनं होता, गोल तोंडाला उंच भुवई. मीही मान डोलावली. मग मांडवात तिच्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्या, दोन्ही गालांवरून मोत्यांच्या सरी हनुवटीपर्यंत लोंबल्या आणि गोल तोंड एकदम लांबट झालं. वर तुझी कमान. पोरगी मंगलाष्टकं संपेपर्यंत दचकलेली. अक्षता पडल्या तरी दचकलेली. सगळ्या फोटोंत दचकलेली. वरमाई म्हणाली, "नवरीला काय झालंय? कोन वरडलं का तिच्यावर?" मी शरमेनं खाली बघितलं. आणि तू? तू जिलबी खात म्हणालीस, "लगीन लागताना दचकनार न्हाई तर काय? शानी हाय पोरगी."

त्यानंतर आपण मुंडावळ्यांची एक जोडी आणून आरशाशेजारच्या खिळ्याला टांगली. नवरी आली की आधी मुंडावळ्या बांधायच्या, तोंड कसं दिसतं ते बघायचं आणि मगच दोऱ्याला हात घालायचा. लग्नाआधी मुंडावळ्या बांधणं म्हणजे अपशकुन, असं म्हणून दोघी-तिघी आया उठून गेल्या होत्या. त्यांच्या लेकी पुढं दचकलेल्या उभ्या राहिल्या, बरं झालं. ही युक्ती माझी होती, कुसे. तू तालुकाभर ती तुझी म्हणून सांगितलीस. हा वाद अजून मिटलेला नाही आणि तू मेलीस म्हणून मी तो सोडणार नाही.

तुझी नव्हती याला माझ्याकडं पुरावा आहे. त्या मुंडावळ्यांना तू कधी हात लावला नाहीस. विधवेनं नवरीच्या मुंडावळ्यांना शिवायचं नाही, हे तुला कुणी सांगावं लागलं नाही. मी बांधायचे आणि तू दारात उभी राहून लांबून बघायचीस, डोळे बारीक करून. एखादी आई हळूच मला म्हणायची, "त्या बाईचा हात नको हं, शुभकार्य हाय." तिला आपला आवाज लहान आहे असं वाटायचं. तू लगेच, "चहा ठिवते," म्हणून परसदारी जायचीस. मला राग यायचा तो त्या बाईचा नाही. असल्या बाया पैशाला पासरी. लग्नाच्या वेळी तुझा हात नको आणि घरी गेल्यावर सत्यनारायणाच्या प्रसादाला तुला निरोप. राग तुझा यायचा. एकदा तरी म्हणायचं होतंस, "न्हाई ठिवत चहा." मी होते ना तुझ्या बाजूला उभी.

तरी माझं काम झालं की तू चहाची कपबशी घेऊन दारात यायचीस, नवरीकडं बघायचीस आणि प्रत्येक वेळी तेच म्हणायचीस, "घालवलीस की गं पोरगी." मग मी चिडायचे, पुन्हा बघायचे, आणि कुठंतरी एक केस राहिलेला असायचा.

आणि तुझ्या स्वतःच्या भुवया! दाट, काळ्या, मधे जवळजवळ जुळलेल्या. डाव्या भुवईत खोक पडलेली, लहानपणी एडक्यानं शिंग मारलेलं. तालुक्याच्या भुवया कोरणारी बाई आणि हिच्या कपाळावर जंगल. गिऱ्हाइकं हसायची. "हिला आधी आरसा दाखवा," म्हणायची. तू पण हसायचीस. अक्का म्हणाली होती ना, "रांडाव बाईनं भिवया कोरायच्या? कुनाला दावायच्या?" तेवढं एक वाक्य तू गळ्यात ताईत घालावा तसं घालून बसलीस.

एकदाच बसलीस खुर्चीत. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं, गिऱ्हाईक कुणी नाही. आपण होऊन बसलीस आणि म्हणालीस, "कर." मी पावडर लावली. दोरा दातात धरला. म्हटलं, "तुझं तोंड लांबट. सरळ ठेवते, नुसती खालून साफ करते."

"कमान कर."

"लांबट तोंडाला कमान केली तर घोड्यासारखी दिसशील."

"घोड्यावानी तर घोड्यावानी. माझं तोंड हाय. कमान."

"अगं, मी कोर्स केलाय."

"कोर्स तुझा, कपाळ माझं."

भांडलो. चांगलं कडाक्याचं. मला वाटतं, इतकं मनापासून आपण कधीच भांडलो नव्हतो. तुझ्या गालांवर रंग चढला होता, आरशात बघून तू बोटानं कमानीचा आकार दाखवत होतीस, असा, हितनं असा. आणि गल्लीतून अक्का चालली, हातात भाजीची पिशवी. आत बघितलंही नव्हतं तिनं. तू ताडकन उठलीस, पदरानं पावडर पुसलीस आणि केरसुणी हातात घेतलीस. झाडलेली खोली पुन्हा झाडलीस. भुवयांच्या कडेला पांढरी पावडर तशीच राहिली होती, मी सांगितलं नाही. मला तुझी इतकी किळस आली होती त्या वेळी. आणि इतकी माया पण. दोन्ही एकदम.

आता खरं सांगायचं ते. तुझा एक धड फोटो नाही. कॅमेरा निघाला की तुझा पदर तोंडावर. मतदानाच्या ओळखपत्रावर तू आहेस की तुझा दीर, हे सांगता येत नाही. मग दहाव्याला मांडायला म्हणून घरच्यांनी तुझा लग्नातला फोटो शोधून काढला आणि स्टुडिओवाल्याला दिला. कपाळावर खऱ्या फुलांच्या मुंडावळ्या, डोळ्यांपर्यंत उतरलेल्या. विधवेच्या फोटोत मुंडावळ्या नकोत, कुंकू नको. त्या पोरानं कॉम्प्युटरवर सगळं पुसलं. फुलांबरोबर भुवयाही गेल्या. मग कपाळ उघडं कसं ठेवणार, म्हणून त्यानं त्याच्याकडच्या कुठल्याशा नटीच्या भुवया उचलून तुला चिकटवल्या. काय चिकटवलं असेल सांग?

कमान. बारीक, उंच, टोकदार, दोन्हीकडं सारखी. खोक नाही, काही नाही. घाटावर तो फोटो पाटावर ठेवला होता, चंदनाचा हार घालून, आणि तू आपल्याच पिंडाकडं बघून दचकली होतीस. येणारा जाणारा म्हणत होता, "फोटो लय भारी आलाय." गाढवाला गुळाची चव काय! म्हटलं, असू दे, बयेला हवी होती, मिळाली. मेल्यावर का होईना.

पण घाटावरून तो फोटो तुमच्या घरच्या भिंतीवर लागला आणि दुसऱ्या दिवशी तुझी मनी पार्लरमध्ये आली. आठवीतली पोर, शाळेच्या वेण्या, रडून डोळे सुजलेले. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मावशी, मला आईसारख्या भुवया करून दे."

म्हटलं, "आईसारख्या म्हणजे कशा?"

"फोटोतल्यासारख्या. आई लग्नात किती छान दिसत होती, न्हाई का?"

मी तिच्या भुवया बघितल्या. दाट, काळ्या, मधे जुळत आलेल्या. तुझं कपाळ तिच्या कपाळावर होतं आणि पोरगी ते पुसून मागत होती. अकरा दिवसांत भिंतीवरचा फोटो जिंकला होता, कुसे. आणखी दहा वर्षांनी तिला तूच आठवली नसतीस, ती नटी आठवली असती.

मी तशीच उठले, मनीचा हात धरला आणि तुझ्या घरी गेले. स्टूल घेतलं आणि फोटो भिंतीवरनं उतरवायला लागले. अक्का आतून आली. "आगं आगं, काय करतीस? चांगली तर दिसतीया. झाक दिसतीया."

"झाक दिसायचीच होती तर जिवंतपणी का नाही दिसू दिलीत?" मी म्हटलं. वर्षानुवर्षं घशात अडकलेलं होतं ते एकदाचं बाहेर आलं. स्टुलावर उभी होते त्यामुळं जरा जास्तच मोठ्यानं आलं.

मला वाटलं आता ही अंगावर येणार. ती खाली बसली. म्हणाली, "मी म्हनले हुते, व्हय. म्हननारच की, थोरली हाय मी. तिनं ऐकायला कशाला पायजे हुतं? केल्या असत्या तर दोन दिस वरडले असते आन् तिसऱ्या दिवशी गप बसले असते. तुझ्यासंगं तर कोंबड्यावानी भांडायची. माझ्यासंगं कवा एक सबूद न्हाई."

ऐकतेस ना? दोन दिवस. दोन दिवसांच्या ओरड्यासाठी तू जन्मभर कपाळ झाकून हिंडलीस. मला अक्कावर तोंडसुख घ्यायचं होतं, मी मनात सगळी तयारी करून गेले होते, आणि या बाईनं माझ्या हातातली काठीच काढून घेतली. त्या क्षणी मला तुझा जो राग आला तो अजून उतरलेला नाही. किती भ्यायचं गं माणसानं, आणि कुणाला!

अक्का पुढं एवढंच म्हणाली, "ने. पर हार नको काढू." हारासकट नेला.

स्टुडिओतलं पोरगं म्हणालं, "मॅडम, लेडीज फोटोला आम्ही हाच सेट लावतो. सगळ्यांना चांगला दिसतो."

"सगळ्यांना चांगला दिसतो तो कुणाचाच नसतो. काढ तो."

"काढतो, पण मूळ भुवया फुलांखाली होत्या, त्या दिसतच नाहीत. कुणाच्या बघून बसवू?"

मी मनीला खिडकीच्या उजेडात स्टुलावर बसवलं. तिचा फोटो काढायला लावला, हनुवटी कुठं, नजर कुठं ते सांगून. मग त्याच्या मागं उभी राहिले. नाकपुडीच्या सरळ रेषेत सुरुवात, नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून तिरकी रेघ जिथं जाईल तिथं शेवट. पडद्यावर पेन्सिल धरून दाखवत होते आणि तो वैतागून माऊस हलवत होता. "मधले केस काढू का?" "नको." "जरा बारीक?" "नको म्हटलं ना." शेवटी मी म्हटलं, "डाव्या भुवईत इथं एक खोक दे."

"मॅडम, खोट कशाला ठेवायची?"

"खोट तिची आहे, तुझी नाही. ठेव."

मनी उठली. पडद्याजवळ गेली, तुझ्या तोंडाकडं बघितलं, मग आपल्या भुवईवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"म्हंजी माझ्याच की ह्या," ती म्हणाली.

परत येताना मी विचारलं, दोरा फिरवायचा का? म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पुढं बघू."

तर आता तू भिंतीवर आहेस, जंगलासकट. तुला हवी असलेली कमान फुकटात मिळाली होती आणि मी ती उतरवली. चिडली असशील तर चीड. लांबट तोंडाला कमान शोभत नाही, हे मी तेव्हाही सांगत होते.

काल एक नवरी आली होती, चौकोनी जबड्याची. खिळ्यावरच्या मुंडावळ्या काढून बांधल्या आणि सवयीनं दाराकडं बघितलं. मग माझ्याच मतानं गोलसर वळण दिलं. पोरगी खूश, तिची आई खूश, "लई भारी झाल्या" म्हणाल्या. त्यांचं काय, त्या कशालाही भारी म्हणतात. दारातून "घालवलीस की गं पोरगी" असं कुणी म्हणालं नाही, आणि त्या भुवया खरंच चांगल्या झाल्या होत्या की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.